न भरलेलं शिबिर

१

भंतेजी दारात उभे दिसले आणि कमळाबाई हातातलं काम टाकून पुढे धावल्या. घाईघाईनं हात जोडून त्यांनी विचारलं, "भंतेजी, हे बरे आहेत ना?"

"तेच विचारायला आलो, ताई. कोंडिराम आहेत का घरी? फोन उचलत नाहीत."

"घरी कसे असतील? तुमच्याच शिबिरात आहेत की. टिटवाळ्याला."

चपला काढता काढता भंतेजी थांबले. "टिटवाळ्याचं श्रामणेर शिबिर पुढच्या महिन्यात आहे. मी आज सकाळीच नागपूरहून परत आलो. मंडपाचं ठरवायचं, म्हणून सचिवांना भेटायला आलो."

आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत बसलेल्या निशानं हे ऐकलं आणि ती बाहेर आली. निशा ही कमळाबाईंची सून. भाईंदर पूर्वेच्या या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सासू, सासरे, नवरा जीवन आणि ती, अशी चौघं राहत. आरोग्य विम्याच्या एका कंपनीत आलेले दावे खरे की खोटे हे तपासायचं, ही तिची नोकरी.

कोंडिराम सोनकांबळे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बुद्धविहाराच्या कमिटीचे सचिव. शब्दाला पक्का माणूस. दुधाची पिशवी आणायला जातो म्हटल्यावर दुधाचीच पिशवी आणणार. शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन ते निघाले होते. शिबिरात मुंडण होईल, चीवर घालून भिक्खूसारखं राहायचं, फोन जमा करतात, संध्याकाळी थोडा वेळच मिळतो, असं सांगून. कमळाबाईंना इतका अभिमान वाटला होता की विहारातल्या मोजक्याच बायकांना त्यांनी ते सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यांना.

"कदाचित दुसरं एखादं शिबिर असेल," भंतेजी हळू आवाजात म्हणाले. पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसला नाही. चहा न घेताच ते गेले.

कमळाबाई खाली बसल्या. "पस्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदा खोटं बोलला नाही गं, निशा. आणि बोलला तर थेट धम्माच्या नावानं?"

२

"आई, मला सगळं सांगा," निशा त्यांच्याशेजारी बसली. "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बाबांचं काय काय वेगळं वाटलं? साधीसुधी गोष्टसुद्धा."

"तंबाखू सोडली."

"ते चांगलंच झालं."

"चांगलं कशाचं? तीस वर्षं मी सांगत होते तेव्हा नाही सोडली. आताच कशी सुटली?" कमळाबाई आठवू लागल्या आणि एकेक गोष्ट निघू लागली. रोज सकाळी दुधाबरोबर कच्च्या लसणाच्या पाकळ्या गिळायचे, त्या बंद. गुडघ्याच्या दुखण्याची गोळी बंद. गुडघा दुखतोय, लंगडतायत, पण गोळी नको. एक दिवस बाहेरून आले तर कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला. विचारलं तर म्हणे डास चावला.

"डास चावल्यावर कापूस?"

"मी पण तेच म्हणाले. तर पेपर उघडून बसले." कमळाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आणि नवे शर्ट शिवून आणले. लग्नात नव्हते तेवढे. एक ती गळ्यात घालायची उशी पण आणली, विमानात घालतात तसली. म्हटलं, कुठं लांबच्या प्रवासाला निघालात का? तर म्हणाले, टीव्ही बघताना मान दुखते."

निशा उठून कपाटाशी गेली. अल्बम खालच्या खणात होता. एका पानावर चार कोपरे चिकटवलेले होते आणि मधला फोटो गायब होता.

"इथं कुठला फोटो होता, आई?"

"यांचाच. नोकरीला लागले तेव्हाचा. उदगीरच्या स्टुडिओत काढलेला." कमळाबाईंचा चेहरा क्षणभर मऊ झाला. "तेव्हा बघायला पाहिजे होतं तू यांना. आता काय, दिवाळीच्या पणतीसारखं चमकतंय डोकं. तुला ती गंमत सांगितली का? सातव्या मजल्यावर नवीन बाई आली ना राहायला, तिनं लिफ्टमध्ये मला विचारलं, 'ये आपके पिताजी हैं क्या?' यांच्यासमोर! मी इतकी हसले, इतकी हसले..."

ती गंमत निशानं सासूच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. विहारात, लग्नात, भाजीवाल्याशेजारी. आताही कमळाबाई सवयीनं हसायला लागल्या आणि आपण कशासाठी बसलोय हे आठवून गप्प झाल्या.

जीवन कामावरून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं ऐकून तो बूट न काढताच परत दाराकडे वळला. "पोलिसात जाऊ. चल."

"थांब. आता त्यांचा फोन येईल," निशा म्हणाली. "आई, काही माहीत नसल्यासारखं बोला. स्पीकरवर."

फोन आलाच. कोंडिरामांचा आवाज नेहमीसारखा होता, जरा नाकात बोलल्यासारखा.

"काय म्हणता? जेवलात का?" कमळाबाईंनी विचारलं.

"अगं, इथं दुपारी बारानंतर जेवत नाहीत. माहीत आहे ना तुला? आता ध्यानाला बसायचंय."

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "आवो, चला ना जेवाला! म्हावरा निवतंय!"



"ते... बाहेर कुणीतरी..." कोंडिराम म्हणाले आणि फोन कट झाला.

मग कमळाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई आहे."

३

"त्या बाईचं नाव रीमा," कमळाबाईंनी बॅगेत साडी कोंबत सांगितलं. "मी पाहिलंय फोनवर. दोनदा आला होता तिचा फोन. दोन्ही वेळा हे गॅलरीत जाऊन बोलले. दार ओढून घेऊन."

"आई, तुम्ही कुठे निघालात?"

"भावाकडे. उदगीरला. सकाळच्या गाडीनं. तंबाखू सोडली, शर्ट शिवले, तरुणपणीचा फोटो नेला. मी काय दुधखुळी आहे का?"

जीवन भिंतीला टेकून उभा होता. बापाला रागवावं की आईला समजवावं, हे त्याला सुधरेना. निशानं पायात चपला सरकवल्या. "तुमची गाडी सकाळची आहे ना? मग मला तासभर द्या."

बिल्डिंगच्या खालीच हितेशभाईंचं मेडिकल होतं. कोंडिराम रोज संध्याकाळी तिथे स्टुलावर बसत. हितेश चाळिशीच्या आतला, बोलका माणूस. निशा लग्न होऊन इथे आली तेव्हा तो कायम टोपी घालून दुकानात बसायचा. कोंडा झालाय, म्हणायचा. हल्ली टोपी गेली होती आणि बोलता बोलता केसांतून हात फिरवायची सवय लागली होती.

"हितेशभाई, बाबांनी गुडघ्याची गोळी कधीपासून बंद केली?"

"अरे भाभी, अंकल एकदम फर्स्ट क्लास आहेत. टेन्शन नहीं लेने का."

"मी टेन्शन घेतलंय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

हितेश गडबडला. काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं उगाच सरळ करू लागला. "मतलब, तुमचा चेहरा दिसतोय ना."

"बाबा कुठे आहेत?"

"शिबिरमां. त्यांनीच सांगितलं."

"शिबिर नाहीये. भंतेजी येऊन गेले. आई उद्या सकाळी घर सोडून निघाल्यात."

हे ऐकून हितेशचा चेहरा पडला. "हे राम. एवढं झालं? पण भाभी, मैंने जबान दी है. एक सांगतो, वाईट काही नाही. आईच्या कसम. याच्यापुढे विचारू नका."

निशानं त्याच्यावरची नजर मुद्दाम काढली आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. जुना फ्रेम केलेला फोटो होता. दुकानाच्या उद्घाटनाचा. त्याचे वडील नारळ घेऊन उभे होते आणि शेजारी एक तरुण रिबन कापत होता. ट्यूबलाइट त्याच्या तुळतुळीत टाळूवर चमकत होती.

"हा कोण? तुमचे मोठे भाऊ का?"

"हां... वैसा ही समझो," हितेश म्हणाला आणि त्याचा हात पुन्हा केसांत गेला.

निशा फोटोकडे बघत राहिली. मग हितेशकडे. मग पुन्हा फोटोकडे.

४

वर आली तेव्हा जीवन कपडे बदलून पिठलं-भात वाढून घेत होता. आई जेवत नव्हत्या, म्हणून त्यालाही घास जात नव्हता. निशा त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या टी-शर्टकडे पाहत म्हणाली, "हा बाबांचा ना?"

"हो. त्यांनीच दिले. सगळेच दिले. म्हणाले, आता डोक्यातून कपडे घालायचा कंटाळा येतो, मला बटणांचे शर्टच बरे."

निशाच्या तोंडातून हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण खांदे हलत राहिले.

"इथं घर मोडायला निघालंय आणि तू हसतेस?" जीवन चिडला.

"उद्याची सुट्टी टाक."

आतून कमळाबाईंचा आवाज आला. "मला स्टेशनवर सोडायला सुट्टी नको. मी रिक्षानं जाईन."

निशा खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आई, बॅग भरलीच आहे, तर भरलेलीच राहू द्या. उद्या सकाळी निघू. पण उदगीरला नाही. आधी एक सांगा. आपल्याकडे दर वर्षी सुके बोंबील कुठून येतात?"

"बोंबील?" कमळाबाई गोंधळल्या. "राघोभाऊजी देतात. यांच्याबरोबर लाइनवर होते ते. तारोडीचे, तिथल्या कोळीवाड्यातले." मग त्यांचे डोळे बारीक झाले. म्हावरा, जेवाला. तो आवाज, ती बोली. "तारोडीत आहेत हे?"

"आहेत. आणि का आहेत, तेही मला कळलंय. पण ते मी तिथेच सांगेन. त्यांच्यासमोर."

"म्हणजे ती रीमा कोळीण आहे?" कमळाबाई कडाडल्या.

५

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये कमळाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बॅग मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. तारोडीला उतरल्यावर मात्र सगळ्यांच्या पुढे चालायला लागल्या. राघोचं घर पहिल्याच भेटलेल्या माणसानं दाखवलं. अंगणात जाळं पसरून एक धिप्पाड म्हातारा त्याची भोकं शिवत होता. यांना बघून त्यानं सुई खाली ठेवली आणि आत बघून हाक मारली, "शालू! आयला, घरची मानसा आली गो!"

त्याची बायको शालू बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, नाकात मोठी नथ, हाताला मसाला लागलेला. तोच खणखणीत आवाज.

कमळाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का रीमा?"

"रीमा कोन गो बाय? मी शालू."

"आमचे हे कुठं आहेत?"

शालूनं आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "त्या खोलीत हाय. पन दार न्हाय उघडनार तो. ऊन नको, धूळ नको, वाकाचा न्हाय. गणपतीसारखा बसवलाय मी त्याला."

कमळाबाई दारावर धडाधड थापा मारायला धावल्या. निशानं त्यांचा हात धरला. "थांबा. बाबा ऐकतायत. त्यांना ऐकू द्या." तिनं ओट्यावर सासूला बसवलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली.

"आई, मी रोज खोटे दावे वाचते. माणूस खोटं बोलतो ते त्याला हवं तेवढंच. बाबांना नुसतं घराबाहेर राहायचं असतं, तर मित्राकडे जातो म्हणाले असते. पण त्यांनी शिबिराचंच नाव घेतलं. का? शिबिराहून माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्यात काय बदललेलं दिसतं?"

"काय? मुंडण केलेलं असतं."

"बरोबर. त्यांना मुंडण होणार हे आधीच माहीत होतं आणि त्याला कारण हवं होतं. आता मला सांगा, एखाद्या बाईकडे जाणारा माणूस आधी मुंडण करेल का?"

कमळाबाईंची बॅगेवरची पकड सैल झाली.

"मग काल मला भीती वाटली ती आजाराची," निशा म्हणाली. "रक्त तपासलं होतं ना त्यांनी. कापूस त्याचाच. पण आजारी माणूस दुखण्याची गोळी बंद का करेल? आणि लसूण? या दोन्हींनी रक्त पातळ होतं. तंबाखूनं जखम लवकर भरत नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हेच बंद करायला लावतात. म्हणजे ऑपरेशन होतं, पण आजारपणाचं नव्हतं. कारण आजारी माणूस डॉक्टरकडे रिपोर्ट घेऊन जातो, तरुणपणीचा फोटो घेऊन जात नाही. त्या फोटोत काय होतं, आई?"

"काय असणार? हे होते. असे मागं वळवलेले दाट के..." कमळाबाई थांबल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. "केस?"

जीवन ओट्यावरून उठून उभा राहिला. "काय?"

"टी-शर्ट डोक्यातून घालावा लागतो. तो नव्यानं लावलेल्या केसांना घासतो. म्हणून बटणांचे शर्ट. काही दिवस आडवं झोपायचं नसतं, म्हणून मानेची उशी. आणि हे सगळं त्यांना शिकवलं हितेशभाईंनी. त्यांच्या दुकानात उद्घाटनाचा फोटो आहे. त्यातला टकला माणूस त्यांचा भाऊ नाही, तेच आहेत. वर्षभर टोपी होती ती कोंड्यासाठी नव्हती."

"आणि ती रीमा?" कमळाबाईंनी शेवटचा दगड मारलाच.

"ती केस लावणाऱ्या दवाखान्यात फोनवर तारखा देणारी कुणी मुलगी असावी," निशा म्हणाली.

बंद दारामागून एक दुखावलेला, नाकातला आवाज आला. "तारखा देणारी नाही. काउन्सेलर आहे ती."

कडी निघाली आणि दार उघडलं.

६

दारात जो माणूस उभा होता, त्याला जीवननं क्षणभर ओळखलंच नाही. कपाळ सुजून पुढे आलेलं, सूज डोळ्यांवर उतरल्यामुळे डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिलेल्या. टाळूवर लालसर ठिपक्यांच्या ओळी, वाफ्यात नुकतीच रोपं लावावीत तशा. गळ्यात ती उशी आणि हातात पाण्याची फवारणीची बाटली.

कमळाबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्या रडतायत असं निशाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, त्या हसू दाबतायत. जिवाच्या आकांतानं दाबतायत, कारण आता आपण हसलो तर काय होईल हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

"हस," कोंडिराम म्हणाले. "तेवढंच राहिलंय."

"नाही हसत."

"लिफ्टमध्ये हसलीस त्याचं मला काही वाटलं नव्हतं, कमळा. मीही हसलो होतो. पण नंतर तू ते सगळीकडे सांगत सुटलीस. मामा गेले तेव्हा त्यांच्या जलदान विधीलासुद्धा सांगितलंस. मी शेजारी बसलेला असायचो."

राघोनं जाळं उचललं आणि काही काम नसताना ते घेऊन परसात गेला.

"तुमच्यावर नव्हते हो हसत मी," कमळाबाई हळूच म्हणाल्या. "मला आनंद झाला होता. या वयात कुणी मला तुमची पोरगी समजलं. उभ्या जन्मात असं कुणी बोललं नव्हतं मला. म्हणून सांगत सुटले. तुमच्या बाजूनं ती गोष्ट कशी ऐकू येईल, हे मनातच आलं नाही."

कोंडिराम सावलीत ओट्याच्या कडेशी आले. ते बसले, पाठ ताठ ठेवून, मान न वाकवता.

"मला सांगितलं असतंत तर?"

"तर तू बिल्डिंगभर सांगितलं असतंस."

कमळाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "हां. सांगितलं असतं."

शालूला राहवलं नाही. "बाय, शनवारी मीरा रोडशी रिक्षान आनला आमी याला. काल रातच्याला शिंकला, तं डोस्क्याला हात लावून रडाला लागला. म्हने, सगला उडून गेला काय बघ. मी बॅटरी घेऊनशी बघत बसले." ती हसली तशी जीवनचीही हसून मुरकुंडी वळली, आणि मग कमळाबाईंचा बांध फुटला. त्यांच्या हसण्यात रडणंही होतं. कोंडिरामांच्या सुजलेल्या डोळ्यांच्या फटी आणखी बारीक झाल्या. तेही हसतायत, हे बाकीच्यांना जरा उशिरा कळलं.

"हसवू नका," ते म्हणाले, "कपाळ ताणतंय."

"ती बाटली द्या इकडं," कमळाबाई उठल्या. "किती किती वेळानं मारायचं?"

"अर्ध्या अर्ध्या तासानं. लांबून. हात लावायचा नाही."

त्यांनी लांबून फवारा मारला, तुळशीवर मारावा तसा. एक थेंब नाकावर ओघळला तो पदरानं टिपला. मग निशाकडे न बघताच म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. माझी बॅग भरलेलीच आहे. मी राहते यांच्याबरोबर."

जाताना कोंडिरामांनी निशाला दारापर्यंत सोडलं. "एक मात्र चुकलं, पोरी. केस लावले त्याचं नाही. त्यासाठी कुणाचं नाव घेतलं, ते."

निशानं पायात चपला घातल्या. ते निस्तरणं त्यांचं त्यांनाच करायचं होतं.

७

सूज उतरली आणि खपल्या गळून गेल्यावर एका रविवारी वंदनेनंतर विहारात कोंडिराम सर्वांसमोर उभे राहिले. सैलशी सुती टोपी त्यांनी काढली आणि हातात धरली. शिबिराच्या नावाखाली आपण कुठे गेलो होतो, का गेलो होतो, सगळं सांगितलं. लिफ्टमधलं तेवढं सांगितलं नाही. ते कमळाबाईंनी बसल्या जागेवरून स्वतः सांगितलं, आणि या वेळी गोष्ट त्यांच्यावरच उलटली तसं लोक हसले.

"चौथं शील मोडलं मी, खोटं न बोलण्याचं," कोंडिराम म्हणाले. "सचिवपदाचा राजीनामा देतो."

भंतेजी आसनावर सरसावून बसले. त्यांनी स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आम्ही काढत बसतो, तुम्ही लावत बसता. डोक्याचा त्रास दोघांनाही सुटलेला नाही." सभागृहभर हशा पसरला. "राजीनामा राहू द्या. शील मोडलं ते कळलं, आता पाळा. आणि मंडपवाल्याला फोन करा, तो माझं ऐकत नाही."

चहाच्या वेळी मात्र वेगळंच झालं. एक बँकेतले साहेब कोंडिरामांना बाजूला घेऊन गेले आणि डॉक्टरांचा नंबर आहे का, असं कानात विचारलं. ते जातात न जातात तोच समाधान कांबळे आला, जो गेली कित्येक वर्षं डावीकडचे केस उजवीकडे वळवत होता. दुखतं का, त्यानं विचारलं. सुई टोचते तेवढंच, कोंडिरामांनी सांगितलं, आणि मग गुडघा दुखला तरी गोळी कशी घ्यायची नाही, कसं बसून झोपायचं, शिंक आली तर तोंड उघडून कशी द्यायची, हे ते इतकं रंगून सांगू लागले की चहा निवला.

पुढच्या महिन्यात घरावर पुन्हा एक दिवस काळोख आला. उशीच्या अभ्र्यावर बारीक बारीक केस सापडले. आरशासमोर उभे राहिलेले कोंडिराम पांढरेफटक पडले. नवे लावलेले केस चालले होते. "गेले," ते म्हणाले, "सगळं गेलं." निशानं दवाखान्यात फोन लावला. रीमा नावाच्या त्या मुलीनं हसून सांगितलं, हे सगळ्यांचं होतं. वरचा केस गळतो, मूळ आत राहतं. काही महिने धीर धरा.

धीर धरणं कोंडिरामांना जमलं नाही, कमळाबाईंना जमलं. रोज आंघोळीनंतर त्या चष्मा लावून त्यांच्या टाळूची पाहणी करत. काही दिसत नसे. "आहे का?" ते विचारत. "नाही अजून," त्या सांगत, आणि सांगून झाल्यावर टोपी त्यांच्या हातात देत.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी कोंडिराम गॅलरीत खुर्चीवर पेपर वाचत होते आणि मागून ऊन त्यांच्या डोक्यावर पडलं होतं. कमळाबाई वाळत घालायचे कपडे घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांनी बादली खाली ठेवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. कपाळाच्या वरच्या ओळीत मऊ, तान्ह्या मुलाच्या जावळासारखे केस उन्हात उभे होते.

"काय बघतेस?" त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"काही नाही. वाचा तुम्ही."

त्या आत आल्या. निशा ऑफिसच्या कॉलवर होती, तरी तिच्या खांद्याला धरून त्यांनी तिला उठवलं आणि काचेतून बोटानं दाखवलं. निशाचे डोळे विस्फारले. ती ओरडणार तोच सासूनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"जेवणं होईपर्यंत सांगायचं नाही," त्या कुजबुजल्या. "तेवढा वेळ मला एकटीला बघू दे."

आणि ज्या बाईच्या पोटात आयुष्यभर एक गोष्ट टिकली नव्हती, ती दुपारपर्यंत गप्प राहिली.